चौथ्या बॅटरीवरचं कुंकू

१

चारपैकी एक बॅटरी कमळाची नव्हती.

केसरीनाथ पाटील पडवीत गोणपाट टाकून बसले होते. पुढ्यात बायकोची स्कूटर होती. विजेवर चालणारी, पेट्रोल न लागणारी, लायसन न लागणारी. अपघातानंतर ती पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. शिमगा झाल्यावर ठाण्यातून निरोप आला, सही करा आणि घेऊन जा. देवेश, त्यांचा मुलगा, टेम्पोत घालून घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाकू. रोज डोळ्यांसमोर नको."

देवेश कामावर गेल्यावर केसरीनाथांनी सीट उचलली.

कमळा गोदामांवर जेवणाचे डबे पोचवायची. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी रिकामे डबे घेऊन परत येताना पुलाच्या चढावर स्कूटर बंद पडली. दिवेही विझले. मागून ट्रेलर येत होता. ड्रायव्हर म्हणाला, बाई दिसलीच नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं की बॅटरी उतरलेली होती आणि दिवे बंद होते. खारबाव गावात लोकांनी त्याचा सोपा अर्थ लावला. कमळाकाकी चार्जिंग लावायला विसरली.

हे वाक्य केसरीनाथांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तेराव्याला ऐकलं, देवळासमोर ऐकलं, परवा न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून बसलेले असतानाही ऐकलं. कमळा मीठ विसरेल, चष्मा विसरेल, पण स्कूटर विसरणार नाही. परत आली की ती गाडी आधी सावलीत थंड होऊ द्यायची. चुलीवरचा भात शिजला की मग चार्जर लावायची. नुसती देवळापर्यंत जाऊन आली तरी लावायची. "उपाशी झोपवू नये कुणाला," असं म्हणायची. बॅटरीच्या टोकांना कोरडं फडकं मारून व्हॅसलिन लावायची. पाहुणे हसायचे. एवढे लाड सुनेचे नाहीत म्हणायचे.

चारही बॅटऱ्यांवर दसऱ्याच्या पूजेचे कुंकवाचे ठिपके होते. स्कूटर आडवी पडली तेव्हा आतलं ॲसिड पाझरलं असावं, कारण चारही ठिकाणी पांढरी भुकटी जमली होती. पण तीन ठिपके पिवळे पडले होते आणि चौथा लालभडक होता.

केसरीनाथ त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले. विकतच्या कुंकवाने कमळाच्या कपाळाला पुरळ यायचं. म्हणून ती हळदीत चुना घालून घरीच कुंकू करायची. एकदा माशावर लिंबू पिळताना तिच्या कुंकवाच्या बोटावर थेंब पडला आणि लाल बोट बघता बघता पिवळं झालं. ती हसली होती. "बघा, खरं कुंकू लिंबाला घाबरतं."

ॲसिडलाही घाबरलं होतं. तीन ठिकाणी. चौथ्या ठिकाणचं कुंकू घाबरलं नव्हतं, म्हणजे ते तिच्या हातचं नव्हतं.

कुणीतरी कमळाची बॅटरी काढून तिथे दुसरी ठेवली होती.

२

संशय एकदा घरात शिरला की तो आधी घरातल्याच माणसाजवळ जाऊन बसतो. केसरीनाथांनी सुनेला हाक मारली. भाविका ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"बाय, दसऱ्याला आईनं गाडीला कुंकू लावलं तेव्हा तू होतीस?"

"ताट मीच धरलं होतं ना, बाबा."

"चारी बॅटऱ्यांना एकाच वाटीतलं?"

"एकाच. आपल्या घरात दुसरं कुंकू असतं कुठे? आईंनी सगळ्या आळीला डब्या भरून दिल्या होत्या. मग रुचिकाच्या गाडीलाही लावायचं म्हणून थांबल्या होत्या, पण तिची गाडी घरी नव्हतीच."

रुचिका म्हणजे केसरीनाथांच्या पुतण्याची, प्रितेशची बायको. घर शेजारीच, भिंतीला भिंत लागून. दोघींनी स्कूटर एकाच दिवशी, एकाच रंगाची घेतली होती. कमळा हटूनच बसली होती की सुनेला मिळेल तशीच मलाही हवी.

"कुठं होती गाडी?"

"गोदामात. रुचिका बाळंतपणाला अकलोलीला माहेरी गेली होती ना, आषाढापासून. घराला गळती, म्हणून प्रितेशभावोजींनी गाडी गोदामात कोरड्यात ठेवली. ते म्हणाले, तिथे ट्रकांबरोबर पूजा करतो."

केसरीनाथांनी मान हलवली. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. विचारताना ते सुनेच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते.

"त्या दिवशी चार्जर कुणी काढला? मिक्सरसाठी वगैरे?"

भाविकाचे हात थांबले.

"म्हणजे मी काढला असं म्हणताय?"

"इचारतोय."

"आळीतल्या बायका पाठीमागे बोलतात ते कळतं मला. आता तुम्हीपण." तिचा आवाज भरून आला, पण ती आत गेली नाही. "ऐका मग. अपघाताच्या आदल्या दिवशी आई गोदामावरून आल्या. गाडी थंड केली, चार्जर लावला. रोज दिवा हिरवा व्हायला झोपायची वेळ व्हायची. त्या दिवशी जेवायच्या आधीच झाला. आई म्हणाल्या, आज कशी पटकन भरली गं, गुणाची माझी. सकाळी निघताना काटापण भरलेला होता. मी पाहिलाय. विसरल्या नव्हत्या त्या."

"मग पंचनाम्याच्या वेळी का न्हाय सांगितलंस?"

"सुनेला कोण विचारतो, बाबा?"

बाहेरून हॉर्न वाजला. रुचिका स्कूटरवरून बाजारात निघाली होती. तीच गाडी, तोच रंग. कुरकुर न करता, आवाज न करता निघून गेली.

केसरीनाथांना पटकन भरलेल्या दिव्याचं कोडं सुटत नव्हतं. रोज इतका वेळ घेणारी गाडी त्याच दिवशी एवढ्या लवकर कशी भरली?

३

संध्याकाळी प्रितेश आला. तो गोदामात सुपरवायझर होता. उघड्या सीटकडे त्याची नजर गेली आणि तिथून लगेच निघाली.

"काका, हे कशाला काढून बसलात? जीवाला त्रास."

"एक बॅटरी बदललेली हाय रे."

"ठाण्यात कुणीतरी काढली असेल. तिथे उभ्या गाडीचं चाकपण राहत नाही."

"चोर बॅटरी घेऊन जाईल. बदल्यात दुसरी कशाला ठेवील? तीबी पूजा केलेली?"

प्रितेशने थोडा विचार केला. "मग बुधाला विचारा. पाड्यावर वीज नाही आणि त्याच्या घरी टीव्ही चालतो. कशावर चालतो? बॅटरीवर. काकी रोज गोदामाच्या दारात गाडी लावायची, हा तिथे हमाली करतो. मी नाव घेत नाही कुणाचं, पण डोळे उघडे ठेवा."

"तू नव्हतास तिथं?"

"आदल्या दिवशी? मी नव्हतोच. बारशाच्या उरलेल्या कामाला अकलोलीला गेलो होतो."

केसरीनाथांनी आदला दिवस म्हटलं नव्हतं. पण ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. डोक्यात बुधाचा टीव्ही होता.

दुसऱ्या दिवशी ते चालत पाड्यावर गेले. बुधा कुडाला शेण लावत होता. पाटील दारात बघून त्याने हात धुतले, खाट टाकली.

"टीव्ही बघायला आलाव, दादा? दुपारी काय लागत न्हाय."

"बॅटरी बघायला आलो."

बुधाचा चेहरा उतरला. कशासाठी आले ते त्याला न सांगता कळलं. तो आत गेला, टीव्हीमागची बॅटरी दोन हातांनी ओढत बाहेर आणली आणि धाडकन पुढ्यात ठेवली. ट्रकची जुनी बॅटरी होती. स्कूटरच्या सीटखाली ती कोंबायची म्हटली तरी मावली नसती. कुंकवाचा पत्ता नव्हता.

"काकीनंच देववली मना गोदामातनं," तो म्हणाला. "आन् पानी कवा टाकायचं तेबी तिनंच शिकवलं. मी तिची चोरीन?"

केसरीनाथांना मान वर करवेना. बुधाच्या बायकोने, चंद्राने, पाण्याचा तांब्या पुढे केला. ते पाणी प्यायले. जरा वेळाने म्हणाले, "बुधा, तिच्या शेवटच्या दिवसांतलं काय आठवतं ते सांग. काय बी."

बुधाने डोकं खाजवलं. "काय सांगू? डबे दिलं, हसली, गेली. हां, आदल्या दिवशी लय खूश होती. म्हनली, पोरगं गुनाचं हाय, माझी गाडी उन्हातनं उचलून मागं सावलीत नेऊन लावली. बॅटरी तापू नये म्हनून. आता लोकांना पन कळाय लागलं, म्हनली."

"कोणतं पोरगं?"

"तुमचंच की. परितेशशेठ."

४

गाडी सावलीत लावणं हा काही गुन्हा नाही. उलट ज्याला बॅटरीची काळजी असते तोच लावतो. केसरीनाथ वाटभर स्वतःला हेच सांगत होते. पोरगं विसरलं असेल. दिवस चुकला असेल. भावाच्या पाठीमागे त्याला आपणच वाढवलं. कमळाने त्याच्या ताटात आधी वाढलं आणि मग देवेशच्या.

एक माणूस अजून राहिला होता, आणि तो चोर निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. अंबाडी नाक्यावरचा मोरू. त्याच्याच दुकानातून दोन्ही स्कूटरी घेतल्या होत्या, आणि अपघाताच्या थोडेच दिवस आधी कमळाने गाडी त्याच्याकडून तपासून आणली होती.

ते रिक्षाने गेले. पिशवीत बॅटरी, खिशात लिंबू.

दुकानात देवाच्या तसबिरीखाली कुंकवाची वाटी होती. मोरू मागे वळला तेवढ्यात त्यांनी चिमूटभर कुंकू काउंटरवर ठेवून वर लिंबू पिळलं. लाल ते लालच राहिलं.

"हे काय चाललंय, पाटील?"

"तुझं कुंकू घाबरत न्हाय."

सगळं ऐकून घेतल्यावर मोरू आधी चिडला, मग हसला. "बाजारातलं कुंकू सगळीकडे हेच. यावरून मला धरलंत तर निम्मी भिवंडी आत जाईल. आणि मी चोरी करायची तर जुनी बॅटरी कशाला चोरीन? मागे नव्यांची थप्पी आहे. द्या इकडे ती."

त्याने बॅटरी उजेडात फिरवली. बाजूवरून अंगठा फिरवला. "पोट फुगलंय बघा. हात लावा. हे ठाण्यात उभं राहून झालेलं नाही, आधीचं आहे. ही उपाशी मेलेली बॅटरी आहे, पाटील."

"उपाशी?"

"रिकामी करून तशीच ठेवली की आत प्लेटवर पांढरा थर बसतो. दोन-तीन महिने चार्जिंग नाही मिळालं की संपली. मग ती लावा चार्जरला, फसवते. पटकन भरल्यासारखं दाखवते, दिवा हिरवा. पोटात काही जातच नाही. काटा पण भरलेला दिसतो. सपाटीला चालेल, पहिला एखादा चढही ओढेल. पण पुन्हा चढ आला, जोर लागला, की ही बसणार आणि बाकीच्या तिघींना घेऊन बसणार. मोटर बंद, दिवे बंद."

केसरीनाथ स्टुलावर बसले. आज कशी पटकन भरली गं. गुणाची माझी.

"कुठल्या गाडीची असंल ही?"

मोरूने तळाचा शिक्का वाचला. मग पुन्हा वाचला. त्याचं हसू गेलं.

"शिक्का तर तुमच्याच खेपेचा आहे. त्या खेपेतल्या दोनच गाड्या मी विकल्या. काकींची एक." तो थांबला. "पाटील, तुमच्या पुतण्याने दिवाळीनंतर मला फोनवर विचारलं होतं, एकच बॅटरी बदलून मिळेल का म्हणून. जुन्या तिघींत नवी एक बसवू नये, चारी बदल, म्हटलं मी. आणि नवी वेगळी दिसतेच. पुढे तो आलाच नाही. मला वाटलं, गाडी सुधारली."

सुधारली होतीच. परवा दारातून आवाज न करता गेली होती.

५

रुचिका अंगणात माशांना मीठ लावत होती. बाळ झोळीत झोपलं होतं. प्रितेश सुट्टीचा म्हणून ओट्यावर पेपर वाचत बसला होता. काका आणि मागोमाग भाविका येताना दिसली तसा त्याने पेपर खाली ठेवला.

"रुचिका, गाडीची सीट उघड, बाय."

"का हो, काका? छान चालतेय."

"म्हणूनच उघड."

"काका, आत्ता कशाला?" प्रितेश उठला. "मी बघतो नंतर."

"तू बस," केसरीनाथ म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण तो बसला.

रुचिकाने किल्ली फिरवली. चार बॅटऱ्या, चार ठिपके. चारही लाल, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे सारखे. ही गाडी कधी आडवी पडली नव्हती. हिच्यात ॲसिड पाझरलं नव्हतं.

"दसऱ्याला यांना कुंकू कुणी लावलं?"

"यांनीच, गोदामात," रुचिका म्हणाली. "फोनवर सांगितलं होतं मला."

केसरीनाथांनी तिच्या ताटातली लिंबाची फोड उचलली. पहिल्या ठिपक्यावर थेंब पाडला. लाल. दुसऱ्यावर पाडला. लाल. तिसऱ्यावर. लालच. रुचिका काही न समजून त्यांच्याकडे बघत होती. भाविकाला कळलं होतं.

चौथ्या ठिपक्यावर थेंब पडला. कडेने आधी नारिंगी झाला, मग पिवळा, आणि बघता बघता हळदीसारखा पिवळाधमक.

"हे आईंचं कुंकू," भाविका म्हणाली. तिने नकळत ठिपक्याला बोट लावलं आणि ते बोट तसंच धरून राहिली.

झोळीची दोरी करकरत होती.

"प्रितेश," केसरीनाथ म्हणाले, "मी सांगू का तू सांगतोस?"

प्रितेशने तोंड दोन्ही हातांत धरलं. "रुचिका रोज फोनवर विचारायची, चार्ज केलीस ना? मी हो म्हणायचो. गोदामात पावसाळाभर तशीच पडून होती. काकीपण विचारायची. तिलाही हो म्हटलं. मग रुचिका बाळाला घेऊन आली आणि गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. तपासली तर एकच बॅटरी पार गेलेली."

"म्हणून काकीची घेतलीस," रुचिका म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "माझ्याशी खोटं बोललास ते उघडं पडू नये म्हणून?"

"काकीची गाडी रोज भरलेली असायची. मला वाटलं, तिला एका बॅटरीने काय फरक पडतो. सावलीत लावतो म्हणून मागे नेली आणि बदलली. चार दिवसांत कुठून तरी त्याच खेपेची मिळवून परत बसवणार होतो. काका, देवाशप्पथ, दुसऱ्याच दिवशी असं होईल हे..."

"आणि तेराव्याला?" केसरीनाथ म्हणाले. "पंगतीत पहिल्यांदा कोण म्हणालं, काकी चार्जिंग विसरली म्हणून? मला आता आठवतंय, प्रितेश. तो तुझा आवाज होता."

प्रितेश खाली कोसळल्यासारखा त्यांच्या पायाशी आला. केसरीनाथांनी पाय मागे घेतले नाहीत आणि त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"चार महिने ती मेल्यावरबी हलगर्जी बाई म्हणून राहिली," ते म्हणाले. "बुधाला चोर केलंस. माझी सून तोंड लपवून पाण्याला जाते. ऊठ. उद्या माझ्याबरोबर ठाण्यात यायचं, जबाब लिहून द्यायचा. पुढं कायदा काय करील ते करील. पण आज आधी देवळासमोर चल. संध्याकाळची माणसं बसलेली असतील. तिथं उभं राहून एकच सांग."

"काय सांगू?"

"कमळाकाकी विसरली नव्हती."

६

प्रितेशने सांगितलं. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात, मग कुणीतरी "मोठ्यानं बोल रं" म्हटल्यावर मोठ्याने. न्हावीही तिथे होता. बुधा हमालीवरून परतताना थांबला होता. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. परतताना रुचिका नवऱ्याच्या बरोबर चालली नाही. ती बाळाला घेऊन भाविकाबरोबर आली, आणि तिने स्वतःच्या हाताने ती बॅटरी काढून केसरीनाथांच्या पडवीत आणून ठेवली.

"बाकीच्या तीनपण भंगारात देते, काका. मला नको ती गाडी."

"गाडीनं काय केलंय, बाय?" ते म्हणाले. "चारी नव्या टाक. भरत जा वेळच्या वेळी."

मोरूकडून त्यांनी एकट्या बॅटरीचा चार्जर मागून आणला होता. दिवसभर अंगणातल्या उन्हात तापलेली बॅटरी अजून हाताला कोमट लागत होती. त्यांनी ती पडवीच्या गार कोपऱ्यात ठेवली. आत भाविकाने भात चढवला होता. भात शिजल्याचा वास येईपर्यंत ते बॅटरीजवळ बसून राहिले. मग कोरड्या फडक्याने टोकं पुसली, कपाटातली कमळाची व्हॅसलिनची डबी शोधली, बोटभर लावलं. पिवळ्या पडलेल्या ठिपक्याला मात्र फडकं लावलं नाही.

चार्जर लावला. लाल दिवा लागला.

"बाबा, जेवायला या," भाविकाने आतून हाक मारली.

"तुम्ही बसा. आलोच."

जेवणं झाली. ताटं धुवून झाली. देवेश येऊन वडिलांच्या शेजारी बसला. त्याने एकदा दिव्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. दिवा अजून लालच होता.

केसरीनाथांना घाई नव्हती. चांगल्या बॅटरीला भरायला वेळ लागतोच.